चर्चचं गठ्ठा मतदान नको, ख्रिस्ती माणूस ग्रामसभेत हवा : सांगली-साताऱ्याच्या मंडळीनं काय काय करायचं

निवडणूक लागली की आपल्याकडं दोन गोष्टी हमखास होतात. कोणतरी उमेदवार पाळकसाहेबांच्या घरी येतो, चहा घेतो आणि विचारतो, तुमच्या चर्चची मतं किती? आणि दुसरीकडं मंडळीतलीच, म्हणजे आपल्या चर्चच्या सभासदांतलीच, काही माणसं म्हणतात की आपलं नागरिकत्व स्वर्गातलं, आपण राजकारणात पडायचंच नाही, घाण आहे सगळी. मला ह्यातलं काहीच पटत नाही. पहिल्यात चर्चचा बाजार होतो आणि दुसऱ्यात आपण शेजाऱ्याला वाऱ्यावर सोडतो. ह्या दोन्हीच्या मधे भरपूर काम आहे आणि ते कसं करायचं हे कोणी नीट सांगत नाही म्हणून हे लिहितेय. मी मिरजेची, पास्टोरेट कमिटीवर, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या कमिटीवर, काम केलेली आहे, त्यामुळं उदाहरणं बरीचशी इकडचीच येतील, पण वाई, सातारा, कराड, इस्लामपूर कुठंही चालेल असं सांगायचा प्रयत्न करते.

आधी वचनाचं, म्हणजे बायबलचं, बघू, कारण ते नीट नसलं तर पुढचं सगळं नुसतं पुढारपण होतं. मत्तय २२ मधलं कैसराचं कैसराला आणि देवाचं देवाला हे सगळ्यांना पाठ आहे, पण बहुतेक जण ते ऐकून दोन कप्पे करतात, रविवार देवाचा आणि बाकी आठवडा ज्याचा त्याचा. मला त्यापेक्षा यिर्मया २९ जास्त उपयोगी वाटतं. लोक बाबेलला बंदिवासात गेलेत, परकं शहर, परके देव, परका राजा, आणि संदेष्टा त्यांना पत्रात काय सांगतो तर घरं बांधा, बागा लावा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याचं हित बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचं हित आहे. परक्या शहरासाठी जर एवढं सांगितलंय, तर मिरज, वाई ही तर आपलीच गावं. आणि शास्ते ९ मधली योथामाची गोष्ट, झाडं राजा शोधायला निघतात, जैतून नाही म्हणतं, अंजीर नाही म्हणतं, द्राक्षवेल नाही म्हणते, शेवटी काटेरी झुडूप हो म्हणतं. चांगली माणसं प्रत्येक वेळी नको म्हणत राहिली की काय होतं ते तिथं लिहून ठेवलंय, आपण ती गोष्ट शब्बाथशाळेत सांगतच नाही.

आणि आपल्यात हे कोणी केलंच नाही असं नाही. पंडिता रमाबाई १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून गेलेल्या, बायकांनी अशा ठिकाणी जायचं असतं हेच लोकांना माहीत नव्हतं तेव्हा. लोकमान्यांनी १९१६ ला होमरूल लीग काढली तिचे पहिले अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा, काका बॅप्टिस्टा म्हणतात ते, पुढं १९२५ ला मुंबईचे महापौर झाले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी शेवटच्या वर्षांत साताऱ्यात देवाचा दरबार मांडला, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्या न घेतलेल्या सगळ्या ख्रिस्तभक्तांची एक मंडळी, ख्रिस्ताला मानणाऱ्यानं आपल्या देशाला परकं होऊ नये ही त्यांची तळमळ होती. आणि संविधान सभेचे उपाध्यक्ष एच. सी. मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती, तेच अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष, आणि १९४९ ला धर्माच्या आधारावरच्या राखीव जागा नकोत असा निर्णय झाला तेव्हा ते त्याच्या बाजूनं उभे होते. म्हणजे आपल्या मोठ्या माणसांनी विचार करून ठरवलं की आम्ही वेगळं कुंपण मागणार नाही, आम्ही शेजाऱ्यांच्या भरवशावर राहू. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं सगळं ह्यावर उभं आहे. कुंपण मागितलं नाही, तर मग शेजाऱ्याशी नातं ठेवणं हेच आपलं राजकारण, दुसरं काही नाही.

आता कामाला लागू. सगळ्यात आधी मतदार यादी. उपासना झाल्यावर, बाहेर व्हरांड्यात, चर्चच्या आत नको, एक टेबल टाकायचं आणि तरुण संघाच्या दोन पोरांना मोबाईल घेऊन बसवायचं. प्रत्येकाचं नाव यादीत आहे का, स्पेलिंग बरोबर आहे का, पत्ता जुनाच आहे का ते बघायचं. आपल्या नावांची लई वाट लागलेली असते, आधारवर एक, दाखल्यावर एक, बाप्तिस्म्याच्या रजिस्टरला तिसरंच. नवीन नावासाठी फॉर्म ६, पत्ता बदल किंवा दुरुस्तीसाठी फॉर्म ८, आणि आता वर्षात चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, त्या दिवशी अठरा पूर्ण झालेलं असलं की नाव घालता येतं, म्हणजे पोरांना अख्खं वर्ष थांबायला लागत नाही. अडलं तर १९५० ह्या मतदार हेल्पलाईनच्या नंबरवर फोन लावायचा. आपल्याकडं नर्सिंग करून आखातात गेलेल्या पोरी घरोघरी आहेत, त्यांच्यासाठी फॉर्म ६ए आहे, पण मत द्यायला स्वतः यावं लागतं हे त्यांना आधीच सांगा. आणि इथं हॉस्पिटलात ड्युटी करणाऱ्यांना मतदानादिवशी पगारी सुट्टीचा हक्क लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. हॉस्पिटल सगळं बंद ठेवता येत नाही हे खरं, पण शिफ्ट लावतानाच बोलून ठेवलं तर दोन तास मिळतात. आणि हे टेबल फक्त आपल्या लोकांसाठी ठेवू नका. गल्लीतल्या कुणालाही येऊ द्या, समोरच्या चहावाल्यालाही.

दुसरं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं काम म्हणजे ग्रामसभा आणि वॉर्ड. आपण खासदार आमदारावर तासभर बोलतो आणि ग्रामसभेला एकदाही जात नाही. वर्षाला कमीत कमी चार ग्रामसभा व्हायलाच लागतात, बऱ्याच गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ह्या तारखा धरलेल्या असतात, आणि गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. म्हणजे पंधरा वीस माणसं तयारी करून गेली तरी सभेत त्यांचं ऐकलं जातं. बायकांसाठी आधी महिला सभा घ्यायची असते, तिथं आपल्या महिला मंडळानं जावं, प्रार्थना सभेला जशा वेळेवर जाता तशा वेळेवर जावं.

दफनभूमीचं उदाहरण घेते, कारण ते सगळ्या गावात आहे. समजा आपल्या दफनभूमीला कंपाऊंड नाही, पावसाळ्यात चिखल, रात्री अंत्यविधी करायचा तर लाईट नाही, आणि कडेनं कोणी कचरा टाकतंय. आपण काय करतो, पाळकसाहेबांना पुढं घालून एका पुढाऱ्याकडं जातो, तो म्हणतो बघू, आणि निवडणुकीत त्याची परतफेड मागतो. असं नका करू. आधी कागद बघा, ती जागा कोणाच्या नावावर आहे, चर्चच्या ट्रस्टच्या, पालिकेच्या का गावठाणात, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढा. कागद नसताना भांडायला गेलं की उलट जागाच अडचणीत येते. मग गावातली दुसरी स्मशानभूमी आणि कब्रस्तान जाऊन बघा. तिथं पण बहुतेक हीच दशा असती, शेड नाही, पाणी नाही, जायला रस्ता नाही. मग तिन्हीचा मिळून एकच अर्ज करा, गावातल्या सगळ्या अंत्यविधीच्या जागांना रस्ता, पाणी आणि दिवे मिळावेत म्हणून, आणि त्यावर सगळ्या समाजाच्या सह्या घ्या. हा अर्ज ग्रामसभेत ठेवला की तो ख्रिश्चनांची मागणी राहत नाही, गावाची मागणी होते. ठराव झाला की त्याची प्रत मागून घ्या, ठराव क्रमांक लिहून ठेवा. दोन चार महिने काही हललं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत लागतो, तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं तर पहिलं अपील. अर्जात भाषण लिहू नका, वचनं तर अजिबात लिहू नका, ठराव क्रमांक अमुकवर काय कार्यवाही झाली एवढंच विचारा. कोणाची वैयक्तिक तक्रार असेल, म्हातारीची पेन्शन, घरकुलाचा हप्ता, तर लोकशाही दिन असतो, जिल्ह्याला दर महिन्याचा पहिला सोमवार, अर्ज पंधरा दिवस आधी द्यायचा. हे सगळं कंटाळवाणं आहे, मला माहितेय. पण नहेम्या ३ वाचा, यरुशलेमची भिंत बांधताना कितीतरी जणांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला असं नावं घालून लिहिलंय, तो अख्खा अध्याय फक्त नावांची यादी आहे आणि तरी तो पवित्र शास्त्रात आहे.

शहरात असाल तर ग्रामसभा नाही, तिथं प्रभाग. सांगली मिरज कुपवाड महापालिका १९९८ ला झाली तेव्हापासून तिन्ही गावांचं एकत्र चाललंय, आणि बहुतेक प्रभागांतनं एकापेक्षा जास्त नगरसेवक निवडायचे असतात. लोक एक बटण दाबून निघायला बघतात. प्रत्येक जागेसाठी वेगळं मत असतं हे म्हाताऱ्या माणसांना आधीच समजावून सांगा. कोणाला द्या हे सांगू नका, कसं द्यायचं एवढंच.

आता चर्चच्या आत काय चालेल आणि काय नाही, इथं सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून जरा सविस्तर सांगते. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३ बघा. धर्माच्या नावानं मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे, आणि २ जानेवारी २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी अभिराम सिंह खटल्यात सांगितलं की नुसता उमेदवाराचा धर्म नाही, मतदाराच्या धर्माच्या नावानं मागितलं तरी तेच. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे जी आपल्या लोकांना माहीतच नसते, की अमक्याला मत दिलं नाही तर देवाचा कोप होईल असं मतदाराला वाटायला लावणं हाही गुन्ह्यासारखाच प्रकार, त्यानं निवडणूक रद्द होऊ शकते. म्हणजे वेदीवरनं कोणी म्हणालं की खरा विश्वासी असाल तर ह्या चिन्हालाच मत द्याल, तर ते कायद्यानं चूक आहे आणि माझ्या मते वचनानंही चूक आहे, देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको ही तिसरी आज्ञा मला तर इथंच सगळ्यात जास्त लागू पडते असं वाटतं. आचारसंहितेत सरळ लिहिलंय की मंदिर, मशीद, चर्च प्रचाराला वापरायचं नाही, आणि १९८८ चा धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखायचा कायदा तर निवडणूक असो नसो कायम लागू आहे, चर्चची जागा आणि चर्चचा पैसा राजकीय कामाला वापरायचा नाही. दानार्पणातला एक रुपया पण नाही. परदेशी देणगी येत असेल तर अजूनच सांभाळा.

मग उमेदवार भेटायला आला तर? हाकलायचं नाही, आपल्याकडं आलेल्या माणसाला पाणी विचारतातच. पण पाळकसाहेबांनी एकट्यानं भेटू नये, कमिटीतले दोघं तिघं सोबत असावेत, भेट पार्सनेजवर, म्हणजे पाळकांच्या राहत्या घरी, किंवा कुणाच्या घरी व्हावी, उपासनेच्या वेळेत नाही, आणि एकाला भेटलात तर जो येईल त्या प्रत्येकाला भेटा. सत्कार, हार, व्यासपीठावर खुर्ची, माईक, काही नको. रविवारी आला तर बाकावर बसेल, उपासना करेल, बाकीच्यांसारखा जाईल. फोटो काढू नका, आणि काढलाच तर मंडळीच्या ग्रुपवर टाकू नका. त्यानं चर्चला काही देतो म्हटलं, पेव्हर ब्लॉक, खुर्च्या, साऊंड सिस्टीम, तर हात जोडून नाही म्हणायचं. इथं मंडळीत भांडण होतं हे मी बघितलेलं आहे, लोक म्हणतात सगळेच घेतात मग आपण का नको, छत गळतंय की. छत मंडळीनं वर्गणी काढून दुरुस्त करावं. एकदा घेतलं की पुढची पाच वर्षं पाळकाला त्याच्या चुकीवर बोलता येत नाही, आणि योहान बाप्तिस्मा करणाऱ्यासारखं हेरोद राजाच्या तोंडावर त्याची चूक बोलायची वेळ कधी येईल हे आधी कळत नाही.

प्रवचनात काय बोलावं? विषय बोलावेत, पक्ष बोलू नयेत. लाच, पाण्याचा प्रश्न, ऊसतोड कामगारांची पोरं, दारू, मजुरी, जात, हे सगळं आमोसात आहे, मीखात आहे, याकोबाच्या पत्रात आहे, पाळकांनी निर्भयपणे बोलावं. नाव आणि चिन्ह आलं की थांबावं. मंडळीतल्या साध्या सभासदाला मात्र हे बंधन नाही. तुम्ही कोणत्याही पक्षात जा, प्रचार करा, बूथवर बसा, तो तुमचा हक्क, फक्त मंडळीच्या नावानं करू नका.

उमेदवार कसा निवडायचा ह्याला मी निर्गम १८ वापरते. मोशे एकटा सगळ्यांचा न्याय करत बसलेला असतो, सासरा इथ्रो येतो आणि सांगतो की माणसं निवड, कशी, तर कर्तबगार, देवाला भिणारी, खरं बोलणारी, लाचेचा तिटकारा असणारी. चार गोष्टी आहेत आणि त्यात आपल्या जातीचा, आपल्या धर्माचा असं कुठंही नाही, उलट हा सल्ला देणारा इथ्रो स्वतः मिद्यानी, बाहेरचा माणूस. कर्तबगारी बघायला त्यानं आधी काय केलं ते बघा. २०१९ च्या पुरात सांगलीत कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा कोण होडीतनं दूध आणि औषधं घेऊन फिरत होतं आणि कोणाचा फोन लागत नव्हता हे लोकांना चांगलं आठवतंय. खरेपणा बघायला उमेदवारीच्या अर्जासोबतचं प्रतिज्ञापत्र वाचा, गुन्हे, मालमत्ता, कर्ज सगळं त्यात असतं आणि ते सगळ्यांसाठी खुलं असतं. लाचेचं बघायचं तर आदल्या रात्री पाकीट कोण वाटतंय एवढं पुरे. आणि पाकिटाबद्दल स्पष्ट सांगते, घ्यायचं आणि मत मनाला येईल तिथं द्यायचं हे पण नाही. घेणं हीच लाच आहे. गरीब घराला ते सोपं नसतं, म्हणून मंडळीनं त्या घराची आधीच विचारपूस केलेली असावी.

कोणी स्वतः उभं राहणार असेल तर आनंद आहे, पण आधी चर्चच्या कमिटीचा राजीनामा द्या, निदान निवडणूक होईपर्यंत पद सोडा. आणि आरक्षण नीट बघा, इथं फसगत होते. मिरज विधानसभा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. १९५० च्या आदेशाप्रमाणं हा दर्जा आधी हिंदूंनाच होता, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती आजही नाहीत. म्हणजे ज्या मिरजेत मिशनरी डॉक्टर वानलेससाहेबांनी १८९४ ला मिशन हॉस्पिटल काढलं, जिथं आपली मंडळी इतक्या पिढ्या राहतेय, तिथला ख्रिस्ती माणूस विधानसभेला मत देऊ शकतो, उभा राहू शकत नाही. मला हा अन्याय वाटतो. रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७ ला धर्माची अट काढा असं सुचवलं होतं, सुप्रीम कोर्टात प्रकरण पडून आहे, त्यासाठी निवेदनं द्या, मोर्चात जा, आवाज उठवा. पण दाखल्यावर एक धर्म आणि चर्चमध्ये दुसरा असं करून त्या जागेवर उभं राहू नका. नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं पुदुच्चेरीच्या एका केसमध्ये असा दावा फेटाळलाय. आणि कोर्टापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे आपल्या पोरांना आपण काय शिकवतो. खुल्या जागेवर, महिला खुल्या जागेवर उभं राहता येतंच, ग्रामपंचायतीपासून सुरू करा.

वातावरण तापलेलं असताना काय करायचं हे पण लिहायलाच पाहिजे, कारण धर्मांतराच्या नावानं कधी काय उठेल सांगता येत नाही. ते उठायच्या आधी ओळख करून ठेवा, हे पहिलं. पोलीस स्टेशनला सणांच्या आधी शांतता समितीची बैठक असते, तिथं आपला माणूस असायला पाहिजे, आणि तो फक्त नाताळच्या बैठकीला नाही तर गणपतीच्या आणि उरुसाच्या बैठकीलाही गेला पाहिजे. मिरजेत २००९ ला गणेशोत्सवात दंगल झाली तेव्हा सगळ्यांचीच दुकानं बंद पडली, सगळ्यांचेच पेशंट अडकले. घरगुती प्रार्थना सभा असेल तर स्पीकर बाहेर लावू नका, शेजाऱ्याला आधी सांगा. कोणी येऊन दमदाटी केली तर हातघाईवर येऊ नका, दाराशी वाद घालू नका, ११२ ला फोन लावा, लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या, मोठा प्रकार असेल तर राज्य अल्पसंख्याक आयोगाला पण प्रत पाठवा. संविधानाचं कलम २५ आपल्याला धर्म मानायचा, आचरायचा आणि सांगायचा हक्क देतं, ते शांतपणे सांगता आलं पाहिजे, त्यासाठी तरुण संघात एक दिवस संविधानाचा वर्ग घ्याच. व्हॉट्सॲपवर उत्तरं देत बसू नका. आणि आपल्या बाजूनं पण कुणाच्या देवाबद्दल, सणाबद्दल वाईट शब्द जाता कामा नये, हे वडीलमंडळींनी कडक बघायला पाहिजे. कोणाला शिक्षण, औषध किंवा धान्य दिलं तर त्याच्या बदल्यात काही मागायचं नाही. वानलेस हॉस्पिटलात किंवा रिचर्डसन कुष्ठरोग हॉस्पिटलात येणाऱ्या पेशंटनं बरं व्हायला धर्म बदलावा लागत नव्हता, आणि म्हणूनच वानलेसवाडी हे नाव आजही सगळ्या जातीधर्माच्या लोकांच्या तोंडी आहे.

निकाल लागल्यावर बहुतेक जण विषय सोडून देतात, तिथंच खरं काम सुरू होतं. पुढच्या रविवारी १ तीमथ्य २ प्रमाणं प्रार्थना करा, निवडून आलेल्याचं नाव घेऊन आणि हरलेल्यांचीही नावं घेऊन, तुमच्या पक्षाचा असो नसो. मग मंडळीतल्या तीन चार जणांनी, शक्यतो त्यात एक बाई आणि एक तरुण पाहिजे, निवडून आलेल्याला जाऊन भेटायचं, वॉर्डातल्या कामांची लेखी यादी द्यायची, पोच घ्यायची. यादीत चर्चचं काम सगळ्यात वर ठेवू नका. गटार, पाण्याची वेळ, अंगणवाडीचं छत, पूररेषेतल्या घरांचं काय, हे वर ठेवा. तीन महिन्यांनी परत जा, तीच यादी घेऊन जा, काय झालं काय नाही त्याच्यासमोर खुणा करा. झालेल्या कामाचे आभार सगळ्यांसमोर माना आणि न झालेलं ग्रामसभेत नाहीतर प्रभाग समितीकडं लेखी विचारा. ही यादी आणि ठरावांच्या प्रती एका फाईलमध्ये ठेवा आणि ती फाईल पाळकांकडं ठेवू नका, त्यांची बदली होते, मंडळीतल्या कोणाकडं तरी ठेवा आणि कमिटी बदलली की नव्या माणसाला सोबत घेऊन पंचायतीत ओळख करून द्या.